पान पिवळे का पडले?

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील सेवक २०१८ च्या जूनमध्ये निवृत्त झाले. आम्ही सारे त्यांना 'मामा' म्हणत असू. जाताना त्यांनी खिडकीतली डिफेनबेकियाची कुंडी माझ्या स्वाधीन केली. हातभर उंचीचे जाड खोड, त्यावर पांढरट शिंतोडे उडालेली रुंद हिरवी पाने. "याला फार काही लागत नाही, सर," एवढेच ते म्हणाले.

मला मात्र ती मातीची जुनी कुंडी काही आवडेना. मी एक चकचकीत चिनी मातीची कुंडी आणली, तळाशी दोन बोटे खडी पसरली, वर नवी माती भरली आणि ते झाड माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवले. त्या कुंडीला तळाला भोक नाही, ही गोष्ट मला मुळीच खटकली नाही. जुलैत पाऊस लागला. एके दिवशी सर्वांत खालचे पान पिवळे दिसले. वरची पानेही मान टाकून होती. झाडाला पाणी कमी पडत असावे असे समजून मी तांब्याभर पाणी घातले. पाने आणखी लोंबली. मी आणखी पाणी घातले. पंधरवड्यात चार पाने गळाली आणि खोडाचा बुंधा मऊ पडून त्याला कुबट वास येऊ लागला.

ऑगस्टमध्ये मामा पेन्शनच्या कागदांसाठी आले, तेव्हा माझ्या खोलीत डोकावले. त्यांनी झाडाकडे पाहिले, काही न बोलता कुंडीत बोट दोन पेरांपर्यंत खुपसले आणि बाहेर काढून मला दाखवले. बोट चिखलाने भरले होते.

"सर, पान लोंबलं म्हणून पाणी घातलंत ना? हे तहानेनं नाही, पाण्यानं गेलंय."

गंमत अशी की, त्याच आठवड्यात मी प्रथम वर्षाच्या वर्गाला केशाकर्षण शिकवत होतो. फळ्यावर काचेच्या बारीक नळ्या काढून त्यांत पाणी किती उंच चढते याचे गणित मांडत होतो, आणि पलीकडच्या खोलीत तेच केशाकर्षण एका झाडाचा जीव घेत होते!

ओल्या मातीत तहानलेले झाड

मित्रांनो, पाण्यात उभे असलेले झाड तहानलेले कसे दिसते, हा प्रश्न आपण आधी सोडवू.

पानाच्या, विशेषतः त्याच्या खालच्या अंगाला, सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायॉक्साइड त्यांतून आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. हाच बाष्पोच्छ्वास. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे पानातून पाणी उडून गेले की त्याच्यामागचे पाणी ओढले जाते, आणि ही ओढ जलवाहिन्यांमधून थेट मुळापर्यंत पोचते. हा विचार हेन्री डिक्सन आणि जॉन जोली या डब्लिनच्या दोघांनी १८९४ साली मांडला. म्हणजे झाडातील पाणी हा एक अखंड दोर आहे असे समजा. वरचे टोक हवेत, खालचे टोक मातीत.

या दोराचे खालचे टोक जिवंत मुळांच्या हातात असते. मुळांना जगण्यासाठी प्राणवायू लागतो, आणि तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या तर काय होईल? हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायूचे विसरण सुमारे दहा हजार पटींनी मंद होते! मुळे गुदमरतात, मग मरतात, आणि मेलेल्या मुळांवर कुजविणाऱ्या बुरश्या तुटून पडतात. वर पानांतून पाणी उडतच असते, खालून मात्र भरपाई होत नाही. पान मलूल होते. मातीत पाणी आहे, पण ते उचलणारे कोणी उरलेले नाही.

म्हणून केवळ पान पाहून निदान करता येत नाही. तहानलेल्या झाडाची माती कोरडी आणि कुंडी हलकी लागते. पाने पातळ, कडेला कुरकुरीत होतात, आणि पाणी दिले की बहुधा काही तासांत माना वर करतात. बुडालेल्या झाडाची माती ओली आणि कुंडी जड असते. पाने मऊ पडून पिवळी होतात, बहुधा खालून सुरुवात करून. दोन्ही ठिकाणी मान खालीच. परंतु उपाय एकमेकांच्या नेमके उलट! एकाचे औषध दुसऱ्याला विष आहे.

खडीचा घोटाळा

"पण सर, तुम्ही तळाशी खडी घातली होती की!" असे तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेलच. खडीमुळे पाण्याचा निचरा होतो अशी समजूत सर्वत्र आहे. माझीही होती. ती खरी की खोटी हे घरच्या घरी तपासता येते.

भांडी घासण्याचा स्पंजाचा नवा लांबट तुकडा घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवून बाहेर काढा आणि न दाबता आडवा धरा. थोडे पाणी ठिबकेल, मग थेंब पडणे थांबेल. आता तोच स्पंज हळूच उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल! स्पंज तोच, त्याची छिद्रे तीच. मग आडवा असताना हे पाणी कोणी अडवून धरले होते?

पृष्ठताणामुळे बारीक छिद्रे पाणी एका ठराविक उंचीपर्यंत धरून ठेवू शकतात. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते, १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत जेमतेम दीड सेंटिमीटर. छिद्र जितके बारीक, तितकी पकड जास्त. आडव्या स्पंजाची सगळी जाडी या उंचीच्या आत बसते, म्हणून तो भरलेला राहतो. उभा केल्यावर वरचा भाग त्या उंचीच्या बाहेर जातो आणि तेथले पाणी खाली उतरते.

कुंडीतील माती म्हणजे असाच स्पंज होय. तिच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर राहतोच, आणि त्याची जाडी मातीच्या बारीकपणावर ठरते. आता तळाशी खडी घातली तर? मातीची बारीक छिद्रे आपले पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांना सहजी देत नाहीत. माती खडीच्या वर पूर्ण भरली म्हणजेच पाणी खाली टपकते. परिणाम असा की, तो ओला थर नाहीसा न होता दोन बोटे वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येतो. माझ्या कुंडीत तर टपकलेल्या पाण्याला बाहेर जायला भोकही नव्हते.

खरा निचरा हवा असेल तर सगळी मातीच भरड करावी लागते. जाड वाळू, नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटेचा चुरा असे काही तिच्यात मिसळावे. कुंडीला भोक असावे, त्यावर खापरीचा तुकडा माती वाहून जाऊ नये यापुरता ठेवावा. आणि कुंडी झाडाच्या मानाने फार मोठी घेऊ नये. लहानशा मुळांभोवती भरपूर माती असली की ती सुकायला फार दिवस लागतात.

कोणते पान पिवळे?

आता पिवळेपणाकडे वळू. येथे पहिला प्रश्न 'किती पिवळे?' हा नसून 'कोणते पान?' हा आहे.

नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतील नत्र काढून कोवळ्या पानांना देते. घरात धान्य कमी असले की मोठी माणसे आपल्या ताटातले मुलांना वाढतात, तसेच हे. म्हणून नत्राची उणीव खालच्या, जुन्या पानांत प्रथम दिसते. सबंध पान फिकट होत जाते. मॅग्नेशियमही असेच हलविता येते. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. त्याची उणीव झाली की जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी पडते.

लोहाचे तसे नाही. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, परंतु ते तयार होताना लोहाची गरज असते, आणि जुन्या पानात एकदा बसलेले लोह झाडाला सहजासहजी परत काढता येत नाही. म्हणून लोह कमी पडले की शेंड्याची नवी पाने पिवळी निघतात, शिरा मात्र हिरव्यागार. बहुतेकदा मातीत लोह असतेच. पण चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत ते अविद्राव्य रूपात अडकते आणि मुळांना उचलता येत नाही. जड पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या कुंडीत असे घडते.

अर्थात, वरून नवी पाने येत असताना अधूनमधून तळाचे एखादे पान पिवळे पडून गळाले तर काळजीचे कारण नाही. ते पान म्हातारे झाले एवढेच. त्यासाठी खताचा डबा उघडू नका.

तपकिरी टोके आणि मिठागर

पानांची टोके व कडा तपकिरी होऊन वाळणे ही दुसरी नेहमीची तक्रार. येथेही भौतिकशास्त्र उपयोगी पडते.

३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. समजा, जुलैत मुंबईला तापमान ३० अंश व सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे. हवेत २४ ग्रॅम वाफ आहे, आणखी ६ ग्रॅमला जागा आहे. मे महिन्यात नागपूरला ४० अंश व २० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत १० ग्रॅम वाफ आणि जागा ४१ ग्रॅमची! ढोबळमानाने ही हवा मुंबईच्या हवेच्या सातपट तहानलेली म्हणावी लागेल. पानाचे टोक हे जलवाहिन्यांच्या शेवटी असते. नळाच्या लांबलचक ओळीत शेवटच्या घराला पाणी कमी येते, तसे पहिल्यांदा टोकच सुकते. पानांवर दिवसातून एकदा फवारा मारून हे थांबत नाही. ते पाणी थोड्या वेळात उडून जाते. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ ठेवणे, पंख्याच्या वा वातानुकूलकाच्या थेट झोतातून बाजूला करणे बरे. विदर्भात उन्हाळाभर ओल्या वाळ्याचा कूलर चालणाऱ्या खोलीत झाडे टवटवीत राहतात, त्याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल.

टोके जळण्याचे दुसरे कारण क्षार. मिठागरात समुद्राचे पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. कुंडी हेही एक लहानसे मिठागरच आहे. समजा, तुमच्या विहिरीच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार आहेत आणि तुम्ही आठवड्याला एक लिटर पाणी घालता. भोकातून पाणी बाहेर पडत नसेल, तर वर्षाला २६ ग्रॅम, म्हणजे चार चमचे क्षार कुंडीत साठले! मातीवर व कुंडीच्या कडांवर पांढरा थर दिसतो तो हाच. मातीतील द्रावण असे तीव्र झाले की परासरणाने मुळांत पाणी शिरणे अवघड होते. शिवाय पाण्याबरोबर वर गेलेले क्षार पानाच्या टोकाशी साचून तेथील पेशी मारतात. ड्रॅसिना आणि स्पायडर प्लांट यांना फ्लोराइडही सोसत नाही. चंद्रपूर, यवतमाळ भागात भूजलात ते काही ठिकाणी बरेच असते. तेथील वाचकांनी या झाडांसाठी पावसाचे पाणी साठवून पाहावे. बाकीच्यांनी दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत ठेवून भोकातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत माती धुवावी.

डोळ्यांची फसवणूक

घरात टिकणारी पुष्कळ झाडे मूळची उष्ण कटिबंधातील अरण्यांची आहेत. डिफेनबेकिया मध्य व दक्षिण अमेरिकेतला, मनीप्लांट पॅसिफिक महासागरातील एका बेटावरचा. रबराचे झाड तर आपल्या ईशान्य भारतातले. मेघालयात त्याच्या मुळांचे जिवंत पूल बांधतात. यांतील कित्येक झाडे मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढतात, म्हणून त्यांना कमी प्रकाश चालतो. पण कमी म्हणजे किती?

दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सच्या आसपास असते. खोलीत खिडकीपासून दूर, कपाटाशेजारी, ती शंभर-दोनशे लक्स इतकीच असू शकते. पाचशे पटींचा फरक! पण आपल्या बाहुल्या मोठ्या होतात, डोळा जुळवून घेतो आणि खोली आपल्याला 'चांगली उजेडाची' वाटते. झाडाला अशी सवलत नाही. खिडकीपासून दोन पावले मागे गेले की तेथून दिसणारा आकाशाचा तुकडा झपाट्याने लहान होतो, आणि प्रकाशही. दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कडा ओळखू येत असेल तर ठीक; सावलीच पडत नसेल तर ती जागा कपाटाची आहे, झाडाची नव्हे. अशा जागी पाने लहान निघतात, देठ लांबतात आणि ठिपक्यांचे, पट्ट्यांचे झाड एकरंगी हिरवे होऊ लागते.

कमी प्रकाशात झाड पाणीही कमी पिते, हे विशेष लक्षात घ्या. जो तांब्या एप्रिलात खिडकीत पुरत नाही, तोच जुलैत कपाटाशेजारी जास्त होतो. माझी चूक एकाच वेळी तीन ठिकाणी झाली होती: बिनभोकाची कुंडी, अंधारी जागा आणि पावसाळा.

उलट, सावलीत वाढलेले झाड एकदम उन्हात नेले तर पानांच्या मध्यावर पांढरट-तपकिरी चट्टे उठतात. ते भाजल्याचे डाग आहेत. ते पसरत नाहीत आणि जातही नाहीत. उन्हाची सवय आठ-दहा दिवसांत हळूहळू लावावी. दुपारी पानांवर पाणी शिंपडले तर थेंब भिंगासारखे काम करून पाने जाळतात, असे पुष्कळ जण सांगतात. हंगेरीतील शास्त्रज्ञांनी २०१० साली हे तपासले. गुळगुळीत पानावर पसरलेल्या थेंबाने पान जळत नाही, असे त्यांना आढळले. लव असलेल्या पानावर मात्र थेंब केसांच्या टोकांवर पृष्ठभागापासून उंच तोलला जातो, तेव्हा ते शक्य असते.

पान उलटून पाहा

पुष्कळसे शत्रू पानाच्या पाठीमागे दडतात. वरच्या बाजूला बारीक फिकट ठिपक्यांची रांगोळी दिसली तर पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले मिरीच्या पुडीसारखे कण चालू लागले तर ते लाल कोळी समजावेत. हे कीटक नव्हेत; त्यांना आठ पाय असतात. कोरडी, उष्ण हवा त्यांना मानवते. देठाच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण. पान चिकट लागून त्यावर काजळी धरली असेल तर मावा किंवा खवले कीड रस शोषत आहे आणि तिच्या गोड विष्ठेवर काळी बुरशी वाढत आहे. सुरुवातीला पाण्याची जोरदार धार आणि सौम्य साबणाच्या पाण्याचा बोळा एवढे पुरते. मात्र सात-आठ दिवसांनी पुन्हा करावे लागते, कारण अंडी मागे राहतात. त्या झाडाला इतरांपासून दूर ठेवण्यास विसरू नका.

पहाटे मनीप्लांटच्या किंवा अंगणातील अळूच्या पानाच्या टोकाशी थेंब दिसतात, तो मात्र रोग नाही. रात्री बाष्पोच्छ्वास मंदावतो, मुळे पाणी वर ढकलत राहतात आणि ते पानाच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर येते. याला बिंदुस्राव म्हणतात.

कुंडीचे वजन करा

स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका सूर्यफुलाची कुंडी वर शिशाच्या पातळ पत्र्याने झाकून सकाळ-संध्याकाळ तोलली आणि झाड किती पाणी उडविते ते मोजले. त्याचे पुस्तक १७२७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्यासारखे शिसे आपल्याला नको. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेल. पाणी घालून निथळल्यावर कुंडी तोला आणि आकडा वहीत लिहा. मग रोज त्याच वेळी तोलत जा. १ ग्रॅम घट म्हणजे १ मिलिलिटर पाणी. मातीत बोट घालून ती दोन पेरांपर्यंत कोरडी लागेल त्या दिवशीचे वजन लाल शाईने लिहून ठेवा. यापुढे त्या वजनाला पाणी द्यायचे, वार पाहून नव्हे. हाच प्रयोग डिसेंबरात आणि मे महिन्यात करून आलेख काढा. झाड आजारी वाटले तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन आठवडे वाट पाहा. जागा, पाणी, खत हे तिन्ही एकदम बदलले तर बरे कशाने झाले ते कळणार नाही. निवाडा नव्या पानावरून करावा; पिवळे झालेले जुने पान सहसा पुन्हा हिरवे होत नाही.

डिफेनबेकियाचा चीक अंगाला लागू देऊ नका आणि कुंडी लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा. तो अळूच्याच कुळातला. दोघांतही कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावले तर तोंड सुजते.

त्या दिवशी मामांनी हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, खोडाचा कुजका भाग चाकूने तोडून टाकला आणि वरचा वीतभर निरोगी शेंडा वर्तमानपत्रावर दोन दिवस सुकत ठेवायला सांगितला. मग तो मी त्यांच्याच जुन्या मातीच्या कुंडीत, निम्मी वाळू घातलेल्या मातीत लावला आणि खिडकीत ठेवला. महिनाभर काहीच घडले नाही. माझा हात रोज तांब्याकडे जाई आणि मी तो मागे घेई. दसऱ्याच्या सुमारास शेंड्यातून गुंडाळलेल्या पानाची हिरवी सुरळी वर आली. मामांना फोन केला, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बोट घालून बघितलंत का, सर?"